बिनपडद्यांचा बेस

१४ नोव्हेंबर १९८८, सोमवार. खडकी

पोचले एकदाची! कराडहून पहाटेची एसटी, स्वारगेटला उतरून खडकीची बस, आणि खडकी बाजारात रज्जाकभाईंचं दुकान विचारत विचारत पायी. बसमध्ये शेजारच्या बाईंना न विचारताच सांगून टाकलं की मी ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायला पुण्याला आले आहे. त्यांनी विचारलं, म्हणजे ती चार तारांची, जी पोटात वाजते ती का? म्हटलं, तीच. इतकी अचूक व्याख्या मला आजवर कुणी सांगितली नव्हती.

दादाचा ऑर्केस्ट्रा मोडून सात महिने झाले. बेसही तेव्हाच विकला गेला. मी बेसवर आले तेही अपघातानेच. आमचा बेसवाला ऐन गणपतीत पळून गेला, तेव्हा दादाने चिडून ते धूड माझ्या गळ्यात अडकवलं आणि पाच वर्षं ते उतरलं नाही. सातारच्या एका कार्यक्रमात पुण्याच्या दीनानाथरावांनी मला ऐकलं होतं. त्यांचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा आहे, जानेवारीपासून कार्यक्रम ठरलेत आणि बेसवाला नाही. पत्रात लिहिलं होतं, 'मुलगी असून चांगलं वाजवता. मुलगा असतात तरी चांगलं वाजवता, एवढं तेच राहिलं असतं.' ह्याला पुणेरी कौतुक म्हणतात म्हणे.

राहायची सोयही त्यांनीच केली. रज्जाकभाई गिटारी दुरुस्त करतात. आधी दारूगोळा कारखान्यात सुतारकाम करायचे. आता डोळे अधू झालेत, म्हणून बारीक कामाला कुणीतरी हवं होतं. दिवसा मी त्यांना मदत करायची, बदल्यात दुकानावरची खोली आणि दोन वेळचं जेवण. त्यांची बायको अख्तरबानू. मी दोघांना चाचा-चाची म्हणणार आहे. चाचींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, एवढ्याशा खांद्यावर बेसचा तो ओंडका कसा पेलतेस गं? मग दोन भाकऱ्या जास्त वाढल्या.

खिडकीतून रेल्वेचं फाटक दिसतं. आईला पत्र लिहून टाकलं.

१६ नोव्हेंबर, बुधवार

आज बेस निवडला.

दुकानात चार टांगलेत. लोकांनी दुरुस्तीला टाकले आणि न्यायला आलेच नाहीत. चाचा म्हणाले, कुठलाही घे, हवा तसा बनव.

बेस निवडायची दादाची रीत आहे. आधी डोळा, मग हाड, मग पाठ. डोळा म्हणजे मान बंदुकीसारखी डोळ्याला लावून बघायची, वाकलीय का, पिळलीय का. पहिला कलकत्त्याचा, त्याची मान धनुष्य झाली होती. दुसरा जपानी, सुबक, पण लांबीला आखूड. जाड तार त्यावर ढिली पडते आणि आवाज म्हशीच्या हंबरण्यासारखा येतो. तिसरा व्हायोलिनसारखा पोकळ. स्टेजवर स्पीकरसमोर उभा राहिला की शिट्ट्या मारणार.

चौथा काळा. त्याच्यावर कुणाचं नाव नाही. मान अशी सरळ, जणू कुणी आत्ताच रंधा मारून ठेवलाय. मग हाडाची परीक्षा. बेसचं वरचं शिंग हनुवटीला टेकवायचं आणि मोकळी तार छेडायची. अ‍ॅम्प लागत नाही, आवाज जबड्यातून कवटीत चढतो. चांगला बेस दात हलवतो. ह्याने दात हलवले नाहीत. एक गार, सपाट सूर कवटीभर पसरला आणि जाता जाईना. सकाळपासून माझं डोकं दुखत होतं. सूर विरला तेव्हा लक्षात आलं, दुखायचं थांबलंय.

चाचा म्हणाले, हा त्यांनीच बनवला, एकाहत्तर साली. जुन्या बाजारात एक सागवानी दरवाजा मिळाला होता, कुठल्याशा पाडलेल्या इस्पितळाचा. ऑपरेशनच्या खोलीचा. लाकूड शंभर वर्षांचं, हाडासारखं वाळलेलं. फळीतून धड केलं, चौकटीतून मान. यज्ञेश्वर नावाच्या वादकासाठी. तो अकरा वर्षं वाजवत होता. ब्याऐंशीत स्वतःच आणून दिला. विकू नका, दुरुस्त करू नका, फक्त ठेवा म्हणाला.

मग पाठ. पट्टा लावून तासभर उभी राहिले. जड आहे, पण पाठ दुखली नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

तारा चढवल्या. नव्या सपाट गुंडाळीच्या तारा मुंबईहून यायला महिना लागेल, म्हणून यज्ञेश्वरच्याच जुन्या तारा उकळल्या. पाण्यात सोडा टाकून वीस मिनिटं. गुंडाळीत अडकलेला घाम-मळ सुटतो आणि तार पुन्हा बोलू लागते. ह्यासाठी चाचींचं पातेलं उचललं. चाचींनी झाकण काढून बघितलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, ह्यात मीठ किती घालायचं?

चाची बोलायला लागल्या की माणूस काम विसरतं. बाजारात कुणाकडे काय शिजलं, कुणाचा मुलगा कुणाशी बोलतो, सगळं त्यांना बसल्याजागी ठाऊक. बसल्याजागी, कारण गुडघे गेलेत. मधुमेह आहे. जिना चढताना 'या अल्ला' प्रत्येक पायरीला वेगळ्या सुरात म्हणतात.

एक तार उकळताना उसवली होती. तिच्या जागी दुकानातली एक जाड तार लावली. ती कापताना नेहमी भीती वाटते. खुंटीला तीन वेढे बसतील एवढी ठेवायची, आधी काटकोनात वाकवायची आणि मगच कापायची, नाहीतर आतला गाभा निसटतो आणि तार मुकी होते. टोक उडून फरशीवर पडलं. झाडताना सगळे तुकडे गोळा केले.

तारांखालची घोडी खाली घेतली, मानेतली सळई पाव फेरा आवळली. हाताखाली लोण्यासारखा चालतो. पण लाकूड गार आहे. दोन तास मांडीवर होता तरी गारच.

२५ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठं काम केलं. पडदे काढले.

पडदे म्हणजे मानेवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या. त्या असल्या की बोट कुठेही ठेवा, सूर ठरल्या जागी लागतो. त्या काढल्या की सूर बोटाच्या भरवशावर. पण मग मींड घेता येते, तार गाते. दीनानाथरावांच्या गायिका, विजयमालाबाई, जुनी संथ गाणी म्हणतात. त्यांच्यामागे तसाच बेस हवा.

चाचांना ते पसंत नव्हतं. राहू दे त्या पट्ट्या बोटाच्या आणि लाकडाच्या मध्ये, म्हणाले. विचारलं का, तर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, काही नाही, लाकूड जुनं आहे. मी हट्टाला पेटले.

सोल्डरिंगची गरम सळई प्रत्येक पट्टीवर धरायची, आतली खळ सैल झाली की पकडीने हळू उपसायची. घाई केली तर लाकडाचे टवके निघतात. वीस पट्ट्या, एकही टवका नाही. फटींत पातळ लाकडी चकत्या बसवल्या, घासून सपाट केलं, लाखेचे हात दिले. आता मान काळ्या पाण्यासारखी दिसते.

चौदाव्या पट्टीच्या वेळी कसला तरी वास आला. सळई माझ्या डाव्या तर्जनीला टेकली होती. किती वेळ, कुणास ठाऊक. कातडी पांढरी पडून खड्डा पडलाय. दुखलं नाही. बेसवाल्यांच्या बोटांना घट्टे असतातच.

२७ नोव्हेंबर, रविवार

लाख वाळली. दुपारी दुकानातच लहान अ‍ॅम्प लावून वाजवला. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नाही. सुरुवात ऐकू येत नाही, सूर आधीपासूनच खोलीत असतो, आपण फक्त त्याच्यावर बोट ठेवतो.

चाची वाटाणे सोलत बाकावर बसल्या होत्या. वीसेक मिनिटांनी उठल्या, जिना चढून वर गेल्या आणि वरून ओरडल्या, अगं सुनीती, मी वर आले! एकदाही अल्लाला हाक मारली नव्हती. परत खाली आल्या, परत वर गेल्या. लहान मुलीसारख्या. संध्याकाळी शिरा केला. स्वतःही खाल्ला. चाचा रागावले, तर म्हणाल्या, दुखत नाही तर दुखणं कसलं?

चाचा माझ्याकडे बघत होते.

३० नोव्हेंबर, बुधवार

तालीम, शाळेच्या हॉलमध्ये. दीनानाथरावांनी डोळे मिटून दोन गाणी ऐकली आणि म्हणाले, ठीक. ढोलकीवाल्याने नंतर सांगितलं की हा शब्द त्यांनी चार वर्षांनी उच्चारला.

विजयमालाबाईंची दाढ दुखत होती, गाल धरूनच आल्या होत्या. माझ्या शेजारी उभं राहून तीन गाणी म्हटली आणि दाढ विसरून गेल्या. म्हणाल्या, तुझ्याजवळ उभं राहिलं की कसं शांत वाटतं गं.

बरं वाटलं. म्हणजे, वाटायला हवं होतं. वाटलं असावं.

४ डिसेंबर, रविवार

रोज दुपारी जेवणानंतर चाचींसाठी वाजवते. त्या बाकावर पाय सोडून बसतात. आधी गप्पा मारायच्या, आता नुसत्या बसतात. चाचाही रंधा मारता मारता तिथेच असतात.

आज चहा प्यायले. चाचा म्हणाले, अगं, उकळता आहे. जीभ आरशात बघितली. सोलवटलीय.

डाव्या हाताची चार बोटं मनगटापर्यंत परक्याची वाटतात. वाजतात मात्र बिनचूक. थंडीही पडलीय, त्यामुळे असेल.

दादाचं पत्र. आईच्या छातीत कफ साठलाय, दवाखान्यात ठेवलंय, तुझं नाव काढते, येऊन जा. पत्राच्या मागे कोरी जागा होती, तिथे चारही तारांच्या जाड्या लिहून ठेवल्या. नवीन मागवायच्यात.

७ डिसेंबर, बुधवार

पत्र पुन्हा सापडलं तेव्हा दचकले. म्हणजे दचकायला हवं होतं हे लक्षात आलं. आईचं नाव वाचून मला काहीच झालं नव्हतं. मी स्वतःला चिमटा काढला. मग टाचणी टोचली. मग बाजूच्या बोटात टोचली.

चाचांकडून यज्ञेश्वरचा पत्ता घेतला आणि धायरीला गेले. सिंहगड रस्त्याने बस जाते, शेवटी शेतांतून चालावं लागतं. त्याची धाकटी बहीण वासंती शाळेत शिकवते, तीच त्याचं सगळं करते.

तो व्हरांड्यात खुर्चीवर बसला होता. पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, इस्त्रीचा सदरा. फार अदबीने बोलला. आपण कुठून आलात, प्रवास कसा झाला. हातांवर भाजल्याचे, कापल्याचे इतके व्रण की कातडी ठिगळांची वाटते. वासंतीताईंनी सांगितलं, त्याला जेव म्हटल्याशिवाय जेवत नाही, कारण भूक लागलेली कळत नाही. सगळ्या डॉक्टरांनी नसांचा विकार म्हणून सांगितलं.

मग त्या पाणी आणायच्या निमित्ताने मला आत घेऊन गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, त्याला एक मुलगी होती. चार वर्षांची. अंगणातल्या हौदात पडली. तो तिथेच, दहा पावलांवर बेस लावत बसला होता. मी शाळेतून आले तेव्हाही बसलेला. विचारलं, ऐकू नाही आलं? तर म्हणाला, आलं की. ती बराच वेळ हाका मारत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने बेस नेऊन दिला. वाईट वाटलं म्हणून नव्हे. वासंतीताईंनी हुकूम केला म्हणून.

निघताना मी त्याला विचारलं, वाजवणं सोडल्यावर हे परत येतं का? तो म्हणाला, काय परत येतं, ते सांगाल का? मग त्याचा चेहरा पहिल्यांदाच थोडा उजळला. विचारलं, पडद्यांवरच वाजवता ना? मी म्हटलं, काढले. तो म्हणाला, अरे वा. मग तर लवकर होईल.

११ डिसेंबर, रविवार

चार दिवस वाजवला नाही. पेटीत बंद केला. चाचांना धायरीचं सगळं सांगितलं.

उद्याच्या गाडीने कराडला जायचं ठरवलं होतं. पण चार दिवसांनी आज दुपारी चाचींचे गुडघे परत ठणकू लागले. दोन्ही हातांनी मांड्या आवळून भिंतीला डोकं घासत होत्या. मला म्हणाल्या, सुनीती, पाच मिनिटं. मी नाही म्हटलं. त्यांनी माझे पाय धरायला हात पुढे केला. चाचा तिथेच होते. म्हणाले, वाजव बेटा. एवढ्यानं काय होतंय.

पाच मिनिटं वाजवायचं होतं. थांबले तेव्हा दिवेलागण झाली होती.

चाची भिंतीला टेकून हसत होत्या. त्यांचं हसणं आता नुसत्या तोंडाचं असतं.

१४ डिसेंबर, बुधवार

कराडला गेले नाही. कारण आठवत नाही.

तालीम झाली नाही. विजयमालाबाईंचा गाल भोपळ्यासारखा सुजलाय, डोळा मिटलाय, आत सगळा पू झालाय. त्या मात्र गायला उभ्याच. दीनानाथरावांनी जबरदस्तीने डॉक्टरकडे पाठवलं. माझ्याजवळ येऊन म्हणाले, बाई, तुमच्या वाजवण्यात काहीतरी आहे. मी पहिल्यांदा ठीक म्हटलं, तो शब्द मागे घेतो. आता कृपा करून येऊ नका.

ठीक आहे.

१८ डिसेंबर, रविवार

दुकानात वास येतोय. दोन दिवस वाटलं सरस कुजला. डबे बाहेर ठेवले. तरी येतो.

आज चाची बाकावर पाय सोडून बसल्या होत्या आणि मी खाली अ‍ॅम्पची वायर जोडायला वाकले. वास तिथून येत होता. डाव्या पायाचा तळवा काळा-निळा. मधोमध एक भोक. त्यातून काहीतरी चकाकत होतं. पकडीने धरून ओढलं. तारेचं टोक निघालं. जाड तार, पेराएवढं. मी कापलेलं. सगळे तुकडे गोळा केले होते असं वाटलं होतं, हा राहिला होता.

महिना होत आला. त्या ह्या पायाने जिना चढत होत्या.

मी ओढत असताना चाची वाकून बघत होत्या. म्हणाल्या, केवढं मोठं आहे गं. जसं काही दुसऱ्याच्या पायातून निघालं.

मला रडायला हवं. मी वाट बघत थांबले. आलं नाही.

२१ डिसेंबर, बुधवार

इस्पितळ. चाचींच्या पायाची बोटं कापली. मग डॉक्टर म्हणाले घोट्यापर्यंत. मग गुडघ्याखाली. तरी वर चढतंय.

डॉक्टरांनी चाचांना विचारलं, इतके दिवस बाई ओरडल्या नाहीत? चाचा म्हणाले, नाही. खूश होत्या.

चाचींनी मला विचारलं, बेस आणलास का? कशाला हवा, मी विचारलं. दुखत तर नाही ना? म्हणाल्या, दुखत नाही. पण घरची आठवण यायला हवी ती येत नाहीये. तेवढी तरी येईल असं काहीतरी आण.

२४ डिसेंबर, शनिवार

सकाळी अकराला चाची गेल्या.

चाचा खाटेच्या कडेला बसले होते. नर्सने चादर ओढली. चाचांनी घड्याळाला चावी दिली.

दफन करून आले आणि रंधा मारायला बसले. खिडकीची चौकट आहे कुणाचीतरी, द्यायची आहे म्हणाले. शेजारपाजारचे लोक दारात उभे. एक म्हातारी म्हणाली, धक्क्याने असं होतं. मी मान हलवली.

२७ डिसेंबर, मंगळवार

दादाचं कार्ड. आईचं तेरावं पार पडलं, असं लिहिलंय. तू आली नाहीस. तुझं आमचं संपलं.

दोनदा वाचलं. अक्षर चांगलं आहे त्याचं.

३० डिसेंबर, शुक्रवार

चाचा आज बोलले. रंधा खाली ठेवला नाही, तो मारता मारताच.

त्यांना माहीत होतं. पहिल्यापासून नाही, पण यज्ञेश्वरच्या मुलीनंतर कळलं होतं. तोडायला हवा होता. नाही तोडला. कारण ब्याऐंशीपासून कधी कधी ते स्वतःच शटर अर्धं ओढून त्याची एक तार छेडायचे. त्यांचा मुलगा रहीम. अठराव्या वर्षी फाटक ओलांडताना गाडीखाली आला. त्याची आठवण आली की एक तार. एवढंच. पडदे होते तोवर थोडंसंच व्हायचं. भागायचं.

म्हणाले, आणि अख्तर कण्हायची बंद झाली, तेव्हा मला वाटलं, हिला का नाही? हिला का मिळू नये? म्हणून तुला वाजव म्हटलं. पडदे काढू नको म्हटलं होतं, पण नीट नाही म्हटलं.

हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं.

मग म्हणाले, मी शोधतोय बेटा. पोराचा चेहरा आठवतो. अख्तरचा आठवतो. पण त्याच्यामागे काही नाहीच. भिंतीला चित्र टांगल्यासारखं.

२ जानेवारी १९८९

वाजवत नाही. पण हात वाजवतात. जेवताना ताटाच्या कडेवर. आता हे लिहिताना डावा हात वहीवर —

दाबून धरला.

४ जानेवारी

फाटकाजवळ एक बाई पडली. सायकलवरून. डोकं फुटलं. मी खिडकीत होते. ती माझ्याकडे बघत होती, हात करत होती. मी किती वेळ उभी होते? लोक धावत आले तेव्हा कळलं की धावायचं असतं.

यज्ञेश्वर. दहा पावलं.

चाचांना सांगितलं. उद्या. उद्या तोडायचाच. दिवसाउजेडी. जाळायचा नाही, धूर कुठे जाईल कोण जाणे. आधी तारा काढायच्या. मग दुकानातल्या विजेच्या करवतीवर. बारीक बारीक.

५ जानेवारी, गुरुवार. सकाळ

तारा काढल्या. सैल सोडताना प्रत्येक तार खाली खाली उतरत गेली, ऐकू येईनाशी झाली तरी लाकूड थरथरत होतं. आम्ही दोघे ऐकत राहिलो. ते संपेपर्यंत. बराच वेळ.

आता करवत. चाचांना दिसत नाही नीट, म्हणून ते चकतीकडे ढकलणार, मी पलीकडून धरणार.

५ जानेवारी. दुपार

झालं. काम झालं.

मान आधी. मग धड, उभं, चार भाग. सागवान इतकं जुनं की करवत अडेल वाटलं होतं. अडली नाही. मध्ये एकदा दोनदा आवाज बदलला, ओल्या लाकडासारखा. चाचा म्हणाले, गाठ असेल. मी म्हटलं, असेल.

शेवटचा तुकडा पडला तेव्हा वाटलं काहीतरी होईल. सगळं एकदम परत येईल. आई, चाची, सगळं. दोघं उभे राहिलो.

काही नाही.

म्हणून लिहायला बसले. बाकावरच. वही सरकतेय, डाव्या हाताने धरता येत नाही. पान ओलं का आहे. भुसा सगळा लाल — लाखेचा असेल. नाही, लाख काळी होती —

चाचा खाली बसून भुशात चाचपडतायत. विचारलं काय हरवलं. ते म्हणाले मोजतोय. त्यांचेही हात —

म्हणाले, सुनीती, हे तुझं की माझं? बघ जरा. त्यावर खड्डा आहे, भाजल्याचा —

शटर वाजतंय. कुणीतरी ओरडतंय दारात. कुणाला तरी फार लागलंय असं ओरडतंय. मी बघते कोण —